पाच शहरं जिंकली, तिजोरी आटली: युद्धानंतर राज्य कसं सावरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सिव्हिलायझेशन ४, बियॉन्ड द सोर्ड, सहा जणांचा पिटबॉस गेम (सर्व्हरवर चालू असतो, प्रत्येक जण आपल्या सवडीने लॉगिन करून खेळतो). कॅटापल्ट आणि हत्ती घेऊन तुम्ही शेजाऱ्याची पाच शहरं घेतलीत, त्याच्याकडे दोन उरलीत. आता सायन्स स्लायडर (उत्पन्नातला संशोधनाचा वाटा) २० टक्क्यांच्या वर नेला की तिजोरी तोट्यात जाते. शेजाऱ्याचे घोडेस्वार येऊन तुमचे वर्कर पकडून नेताहेत. आणि युद्धात न पडलेले दोन खेळाडू टेकमध्ये (तंत्रज्ञानात) बरेच पुढे गेलेत. आधी काय बांधायचं, आणि हे युद्ध मुळात करायलाच हवं होतं का, असं तुम्ही विचारलंय.

मला यात खरा प्रश्न थोडा वेगळा दिसतो. दोघांच्याच गेममध्ये तुम्ही आत्ता जिंकलेले असता. तुमचं नुकसान झालं तरी समोरच्याचं त्याहून जास्त झालंय, विषय संपला. सहा जणांच्या गेममध्ये तुमचा खरा प्रतिस्पर्धी लढत नसलेला खेळाडू असतो. तुम्ही आणि शेजारी एकमेकांवर हॅमर (शहरांचं उत्पादन) खर्च करत होतात, तेव्हा ते दोघं त्याच हॅमरांच्या लायब्रऱ्या बांधत होते आणि त्यांची कॉटेजेस (पैसा देणाऱ्या वस्त्या) निवांत मोठी होत होती. त्यामुळे तिजोरी कशी भरायची एवढ्यावर थांबू नका. ही पाच शहरं त्या दोघांच्या आघाडीचा तुमच्यावर मारा व्हायच्या आत कमावती होतील का, आणि त्यासाठी पुढच्या २५-३० टर्न कशा घालवायच्या, हे ठरवायचंय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या प्रश्नात नाहीत. गेमचा वेग कोणता, टेक ट्रेडिंग चालू आहे की बंद, तुमच्या लीडरचे गुण कोणते, आणि ते पुढे गेलेले दोघं तुमच्या सीमेला लागून आहेत की समुद्रापलीकडे. मी नॉर्मल वेग आणि टेक ट्रेडिंग बंद असं धरून आकडे देतो. लीडर ऑर्गनाइज्ड असेल तर कोर्टहाउस (शहराचा मेंटेनन्स खर्च कमी करणारी इमारत) निम्म्या मेहनतीत होतं, त्यामुळे खालचा सल्ला तिथे बराच बदलेल.

आधी पैसा नेमका कुठे जातोय ते बघा. एफ२ दाबल्यावर जो आर्थिक सल्लागार उघडतो, त्यात युनिटचा खर्च, युनिट सप्लाय, शहरांचा मेंटेनन्स आणि सिव्हिक्सचा (राज्याच्या धोरणांचा) खर्च वेगवेगळे दिलेले असतात. बहुतेक जण फक्त खालची बेरीज बघतात आणि घाबरतात. मेंटेनन्सचे दोन भाग असतात: राजधानीपासूनचं अंतर आणि एकूण शहरांची संख्या. यातला दुसरा भाग फसवा आहे, कारण तो जिंकलेल्या शहरापुरता राहत नाही. राज्यात शहर वाढलं की तुमच्या जुन्या शहरांचा मेंटेनन्सही वाढतो. शिवाय जिंकलेल्या शहरात बंड चालू असेपर्यंत त्याचा मेंटेनन्स लागत नाही. त्यामुळे शहर घेतल्यावर काही टर्न सगळं ठीक वाटतं आणि बंड एकेक करून शमायला लागली की खर्च अंगावर येतो. तुमची चौथी-पाचवी शहरं अजून बंडात असतील, तर स्लायडर अजून खाली जाणार हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

सप्लायचा आकडा म्हणजे तुमच्या सांस्कृतिक सीमेबाहेर उभ्या असलेल्या सैन्याचा खर्च. आणि जिंकलेल्या शहराभोवतीची जमीन अजून शेजाऱ्याच्या सीमेत असेल, तर तुमचं सैन्य स्वतःच्या शहराच्या दारात उभं राहूनही 'परदेशात'च असतं.

इथून मी युद्धाकडे येतो, कारण तुम्ही अर्थव्यवस्था विचारलीत तरी तुमचं युद्ध अजून संपलेलं नाही आणि ते संपल्याशिवाय बाकी काही जमणार नाही. त्या उरलेल्या दोन शहरांकडे नीट बघा. जिंकलेल्या पाच शहरांच्या आसपासच्या टाइल (नकाशावरचे चौकोन) कोणाच्या रंगात आहेत? टाइल कोणाची हे ठरताना, ज्याच्या शहराची सांस्कृतिक हद्द तिथवर पोचते तेच खेळाडू विचारात घेतले जातात, आणि त्यांच्यात त्या टाइलवर ज्याची संस्कृती जास्त साठलेली आहे त्याला ती मिळते. म्हणजे शेजाऱ्याचं उरलेलं एखादं शहर जुनं आणि मोठ्या हद्दीचं असेल, तर तुमच्या नव्या शहरांची शेतं आणि खाणी बराच काळ त्याच्याकडेच राहतील. अशी शहरं लोकसंख्या ३-४ वर अडकून बसतात आणि मेंटेनन्स मात्र पूर्ण खातात. आणखी एक फार महत्त्वाची गोष्ट: युद्धात शत्रूच्या सीमेतल्या रस्त्यांचा फायदा तुम्हाला मिळत नाही, कमांडो प्रमोशन (युनिटला अनुभवातून मिळणारं कौशल्य) असल्याशिवाय. त्याला स्वतःच्या सीमेत तो मिळतो. तुमचे वर्कर जे सारखे पकडले जाताहेत त्याचं मुख्य कारण बहुधा हेच आहे. तो त्याच्याच रस्त्यावरून धावत येतो आणि परत जातो, तुम्ही एकेक टाइल चालत त्याच्या मागे.

म्हणून माझा निकष सोपा आहे. उरलेल्या दोनपैकी ज्या शहराची हद्द तुमच्या नव्या शहरांवर पडते, ते एक शहर घ्या आणि तिथेच तह करा. दुसरं लांब कोपऱ्यात असेल तर ते त्याच्याकडे राहू द्या. तहानंतर १० टर्न तुम्ही दोघं एकमेकांवर युद्ध पुकारू शकत नाही. तुम्हाला त्या १० टर्नची नितांत गरज आहे. तह झाल्याक्षणी वॉर वेअरीनेसमुळे (लांबलेल्या युद्धाच्या वैतागामुळे) नाराज झालेले नागरिकही कामाला लागतात, तो फायदा वेगळा.

पण हे शहर घेता येईल का, हे तुमच्या स्टॅकच्या (एकत्र हलणाऱ्या फौजेच्या) वयावर आहे. कॅटापल्ट आणि हत्तींच्या फौजेला मुदत असते. शेजाऱ्याला फ्यूडॅलिझम मिळून लाँगबो आले, किंवा इंजिनिअरिंग मिळून पाइकमन आले, की तीच फौज दुप्पट हॅमर खाऊन निम्मं काम करते. एस्पिओनेज (हेरगिरीचे) पॉइंट पुरेसे असतील तर तो कोणत्या टेकवर आहे ते दिसतं. फ्यूडॅलिझम तोंडावर असेल तर लगेच हल्ला करा किंवा लगेच तह करा. त्याच्या शहराबाहेर टर्नामागून टर्न वाट बघत बसणं, सप्लाय भरत राहणं, हा सगळ्यात महाग पर्याय आहे.

आता माणसाबद्दल. कॉम्प्युटरशी खेळताना हरलेला शेजारी विसरून गेलं तरी चालतं. इथे समोर माणूस आहे, आणि त्याच्याकडे गमावण्यासारखं काही उरलं नाही तर तो पुढचा सगळा गेम फक्त तुमची कॉटेजेस जाळण्यात घालवू शकतो, तुमचा स्टॅक कुठे आहे ते इतरांना कळवू शकतो, उरलेली शहरं तुमच्या प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकू शकतो. असे गेम मी पाहिलेत. त्यामुळे मी हरलेल्या खेळाडूला नेहमी काहीतरी सांभाळण्यासारखं देतो: दीर्घ मुदतीचा अनाक्रमण करार, ओपन बॉर्डर्स, एखादं जास्तीचं रिसोर्स. तुमच्या पाचपैकी एखादं शहर टुंड्रात किंवा वाळवंटात असेल, अन्न नसेल, मेंटेनन्स तेवढा ५-६ असेल, तर तहात तेही परत देऊन टाका. तुमचा खर्च कमी होतो आणि त्याला खेळत राहायला कारण मिळतं. हे मी दयाळूपणा म्हणून सांगत नाही. तुमच्या पाठीमागची सीमा शांत ठेवण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. शिवाय परदेशी व्यापारी मार्गांचं उत्पन्न शांततेच्या टर्नबरोबर वाढत जातं आणि युद्धाने ते बंद पडतं, म्हणजे तो जिवंत आणि शांत राहिला तर पुढे तुमच्या तिजोरीतही भर घालेल.

तह होईपर्यंत वर्कर वाचवायचे असतील तर टर्नची वेळ पाळा. पिटबॉसमध्ये सगळे एकाच वेळी खेळतात, त्यामुळे एखादा टर्नच्या शेवटी आणि लगेच पुढच्या टर्नच्या सुरुवातीला खेळला तर त्याला सलग दोन चाली मिळतात. युद्ध चालू असताना टर्नचा कोणता अर्धा कोणाचा हे दोघांनी ठरवून घेणं ही बहुतेक गेममधली पद्धत आहे. तुमच्यात ते ठरलं नसेल तर आजच गेम चालवणाऱ्याकडे विषय काढा. आणि वर्करांबरोबर एक भालेवाला ठेवाच.

आता घरची अर्थव्यवस्था. इथे माझं ठाम मत आहे: राज्य सावरतं ते जुन्या शहरांमधून. जिंकलेली शहरं पुढच्या टप्प्यात कमावतील, आत्ता त्यांनी फक्त कमी खायचं आहे. त्यामुळे तुमचं पहिलं लक्ष राजधानीवर हवं.

युद्धाचा एक खर्च कोणत्याही स्क्रीनवर दिसत नाही. कॉटेज वाढून हॅम्लेट व्हायला १० टर्न, त्याचं व्हिलेज व्हायला २०, आणि व्हिलेजचं टाउन व्हायला ४०. एकूण ७०. आणि हे घड्याळ त्या टाइलवर नागरिक काम करत असेल तरच चालतं. तुम्ही सैन्यासाठी लोक खाणींवर हलवले किंवा व्हिपने मारले (स्लेव्हरी धोरणात माणसं खर्चून बांधकाम लगेच पुरं केलं), तेवढ्या टर्न ते घड्याळ थांबलं. समजा राजधानीची सहा कॉटेजेस २० टर्न ओस पडली, तर आज ती व्हिलेज असायची ती हॅम्लेट आहेत. तुमच्या आणि त्या दोन खेळाडूंच्या टेकमधला फरक बराचसा इथून आलेला असतो, मेंटेनन्स त्यानंतर. म्हणून आज लॉगिन केल्यावर पहिलं काम: राजधानी आणि तिच्याशेजारच्या एक-दोन चांगल्या शहरांत खाणींवरचे लोक उचलून कॉटेजेसवर बसवा आणि तिथे व्हिप पूर्ण बंद करा. सिव्हिल सर्व्हिस हे टेक जवळ असेल तर ब्युरोक्रसी हे धोरण घ्या, राजधानीचा कॉमर्स (व्यापारी उत्पन्न) ५० टक्क्यांनी वाढतो. यापुढच्या युद्धासाठीही हेच लक्षात ठेवा: सैन्य भरपूर अन्नाच्या शहरांतून व्हिप करून काढायचं, राजधानीच्या कॉटेजेसना हात लावायचा नाही.

जिंकलेल्या शहरांत काय बांधायचं हे बहुतेक जण सवयीने ठरवतात. एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. शहराची लोकसंख्या ४, ग्रॅनरी (धान्यकोठार) शाबूत मिळाली आहे, एक चांगलं अन्नाचं रिसोर्स आहे, मेंटेनन्स ५ सोनं. पहिली गरज संस्कृतीची: हद्द एकदा वाढायला १० संस्कृती लागते. मॉन्युमेंट ३० हॅमरचं, म्हणजे एक-दोन टर्न काम झाल्यावर एक माणूस व्हिप केला की झालं, आणि मग १० टर्न थांबायचं. कोड ऑफ लॉज हे टेक असेल तर कास्ट सिस्टिम या धोरणामध्ये आर्टिस्ट बसवून तीन टर्नमध्ये तेच होतं, पण मग स्लेव्हरी सोडावी लागते. गोल्डन एज चालू असेल तर अराजकाशिवाय (धोरण बदलताना एरवी राज्य ठप्प होतं) ही अदलाबदल करता येते आणि तेव्हा ती जरूर करावी. एरवी मी स्लेव्हरीतच राहतो.

मग कोर्टहाउस. ते १२० हॅमरचं आहे आणि मेंटेनन्स निम्मा करतं. ५ चं अडीच झालं. करन्सी असेल तर एका हॅमरचं एक सोनं करता येतं, म्हणजे ते १२० हॅमर थेट सोन्यात घातले असते तर १२० सोनं मिळालं असतं. अडीचने भागा: ४८ टर्नमध्ये कोर्टहाउसचा खर्च निघतो. हे चालण्यासारखं आहे, कारण शहर मोठं झालं की मेंटेनन्सही वाढणार आणि बचतही. पण मेंटेनन्स ३ असलेल्या शहरात तेच कोर्टहाउस ८० टर्न घेतं. तिथे बांधू नका, निदान आत्ता नको. फॉरबिडन पॅलेससाठी ठरावीक संख्येने कोर्टहाउस लागतात, तेवढाच अपवाद.

आणि ते १२० हॅमर आणायचे कसे? मॅथेमॅटिक्स असेल तर शहराच्या हद्दीतल्या एका जंगलाचे ३० हॅमर मिळतात. दोन जंगलं तोडली की ६० झाले. उरलेले ६० दोन माणसांच्या व्हिपमधून, कारण एका माणसाचे ३०. लोकसंख्या ४ वरून २ वर येईल. ती परत ४ व्हायला एरवी २४ आणि २६ असं ५० अन्न लागतं. ग्रॅनरी निम्मं राखून ठेवते म्हणून साधारण २५. दर टर्नला ५ अन्न शिल्लक पडत असेल तर पाच टर्नमध्ये शहर होतं तिथे आलं. व्हिपची नाराजी १० टर्न टिकते, म्हणून पुढचा व्हिप त्यानंतरच. ज्या शहरात ग्रॅनरी उरलेली नाही तिथे आधी ग्रॅनरी, बाकी सगळं मागे. लायब्ररी, मार्केट वगैरे या शहरांत सध्या मनातही आणू नका; दोन-तीन कॉमर्सच्या २५ टक्क्यांना काही अर्थ नसतो.

सैन्याचं काय करायचं? सरसकट डिलीट करू नका, हे आधी सांगतो. डेमोग्राफिक्समधला (खेळाडूंची तुलना दाखवणाऱ्या तक्त्यातला) सैनिकांचा आकडा सगळे बघत असतात आणि तो अचानक कोसळला की दुसऱ्या बाजूचा शेजारी जागा होतो. चांगले प्रमोशन मिळालेले हत्ती सीमेच्या शहरांत आणा. मोनार्की हे टेक असेल तर हेरेडिटरी रूल या धोरणामध्ये शहरातलं प्रत्येक लष्करी युनिट एक नागरिक खूश ठेवतं, त्यामुळे जुने, जखमी कुऱ्हाडवाले जुन्या शहरांत वाटून टाका; तेवढी जास्त माणसं कॉटेजेसवर काम करतील. सगळं सैन्य स्वतःच्या सीमेत आलं की सप्लायचा आकडा शून्यावर येतो. एवढं करूनही उरलेले वॉरियर वगैरे असतील तर ते खुशाल काढा.

टेकच्या बाबतीत: करन्सी आणि कोड ऑफ लॉज यापैकी काही बाकी असेल तर बाकी सगळं सोडून तेच. करन्सीने प्रत्येक शहराला एक व्यापारी मार्ग जास्त मिळतो आणि तुमच्याकडे आता शहरं भरपूर आहेत. स्लायडर २० टक्क्यांवर रडतखडत चालवण्यापेक्षा काही टर्न ० वर ठेवून सोनं साठवा आणि मग १०० टक्क्यांवर टेक एकदम संपवा. याचा एक छान फायदा मागे असलेल्यालाच मिळतो: तुमच्या ओळखीच्या जितक्या खेळाडूंना एखादं टेक माहीत असतं, तितकं ते तुम्हाला स्वस्त पडतं. तुम्ही सोनं साठवत असताना आणखी कोणाला ते मिळालं तर तुमचा खर्च आपोआप घटतो. जिंकलेल्या जमिनीवर जास्तीचं सोन्याचं, रेशमाचं रिसोर्स असेल तर ते दर टर्नच्या सोन्याच्या बदल्यात विका. पुढे गेलेल्या दोघांनाच विकलं तरी हरकत नाही.

तर युद्ध करायला हवं होतं का? एफ९ वरच्या डेमोग्राफिक्समध्ये दोन ओळी बघा: पीक उत्पादन आणि जीएनपी. पीक उत्पादनात तुम्ही पहिले किंवा दुसरे आणि जीएनपीत शेवटचे असाल, तर युद्ध बरोबर होतं. अन्न आहे म्हणजे माणसं होणार, माणसं म्हणजे पुढे काहीही होऊ शकतं. फक्त वेळ हवा आणि तो वेळ तहातून मिळवायचाय. पण पाच शहरं घेऊनही पीक उत्पादनात तुम्ही मध्यावरच असाल, तर तुम्ही जमीन न घेता नुसती खर्चाची ठिकाणं घेतलीत. अशा वेळी सगळ्यात दुबळी एक-दोन शहरं तहात परत देणं हे जास्त तातडीचं होतं.

हाच विचार इतर गेममध्येही चालतो, फक्त वसुली वेगळ्या खिशातून होते. सिव्हिलायझेशन ५ मध्ये, ब्रेव्ह न्यू वर्ल्डनंतर, साधारण आकाराच्या नकाशावर प्रत्येक जास्तीच्या शहरामागे टेकची किंमत ५ टक्के वाढते, शिवाय नाराजी. सिव्हिलायझेशन ६ मध्ये राइज अँड फॉलपासून लॉयल्टी आहे, त्यामुळे शत्रूच्या मोठ्या शहरांच्या कुशीतलं एकटं शहर घेतलंत तर ते टिकतच नाही. ओल्ड वर्ल्डमध्ये ऑर्डर्स मर्यादित असतात, म्हणून युद्ध चालू असेपर्यंत वर्करांना ऑर्डर्स कमी पडतात. तुम्ही कोणत्याही गेममध्ये असा, हल्ल्याआधी बघायचं ते हे: जिंकल्यावर वाढणारा खर्च पेलणारं टेक किंवा इमारत तेव्हा हातात असेल का? तुमच्या बाबतीत करन्सी आणि कोड ऑफ लॉज स्टॅक निघायच्या आधी असती, तर आज स्लायडर ४०-५० टक्क्यांवर असता असा माझा अंदाज आहे.

पुढच्या लॉगिनला एफ२ वरचे चार आकडे, पाचही शहरांचा मेंटेनन्स, आणि त्या उरलेल्या दोन शहरांच्या हद्दी कुठवर येतात ते इथे लिहा. कोणतं शहर ठेवायचं आणि कोणतं तहात द्यायचं, हे त्यावरून बऱ्यापैकी नेमकं सांगता येईल. शेजाऱ्याला तहाचा निरोप मात्र त्यासाठी न थांबता आजच पाठवा. तो बोलायला तयार आहे की नाही यावरच तुमचा स्टॅक पुढे जाणार की घरी येणार हे ठरेल.